उत्तर ध्रुवावरून सरळ ‘वर’ यान सोडलं तर ते सूर्याच्या डोक्यावर का पोचत नाही?

प्रश्न थोडक्यात असा विचारला आहे: सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, आपली यानंही त्याच पातळीत जातात. अवकाश तर चहूबाजूंनी मोकळं आहे. मग पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावरून रॉकेट सरळ वर सोडून यान सूर्याच्या डोक्यावर का नेत नाहीत? सूर्याच्या ध्रुवाचं चित्र मिळायला २०२५ साल का उजाडावं लागलं? आणि पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश, युरेनसचा तर अठ्ठ्याण्णव अंश कललेला आहे. या कलाचा यानांच्या मार्गाशी काही संबंध आहे का?

मी बरीच वर्षं उपग्रहांच्या कक्षा आखण्याचं आणि त्या टिकवण्याचं काम केलं आहे. माझं काम पृथ्वीभोवतालचं, पण कक्षेचं गणित सूर्याभोवतीही तेच राहतं. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगवेगळे कल एकत्र आले आहेत. एक कल ग्रहाच्या अक्षाचा, दुसरा कक्षेच्या पातळीचा. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंश कललेला आहे, पण तिची कक्षा कशाच्याही तुलनेत कललेली धरत नाहीत, कारण तीच आपली मोजपट्टी आहे. त्या पातळीला आपण क्रांतिवृत्ताची पातळी म्हणतो. तिच्या तुलनेत बुधाची कक्षा ७ अंश कललेली आहे, शुक्राची ३.४, मंगळाची १.८५, गुरूची १.३, शनीची २.५ आणि युरेनसची तर एक अंशही नाही. म्हणजे जो ग्रह अक्षाने पार आडवा पडला आहे, त्याची कक्षा सगळ्यांत सरळ. दोन्ही कल एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत हे यावरून कळतं. ग्रह एका पातळीत का, तर ते सूर्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या एकाच चपट्या तबकडीतून तयार झाले. अक्षाचे कल मात्र पुढच्या टकरींमध्ये आणि ओढाताणीत ठरले असं मानलं जातं.

आता उत्तर ध्रुवावरचं रॉकेट. इथली अडचण दिशेची नाही, वेगाची आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किमी वेगाने धावते आहे. उत्तर ध्रुवावर उभं असलेलं रॉकेटही त्याच वेगाने धावतं आहे. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा वेग ध्रुवावर शून्य असतो हे खरं, पण तो विषुववृत्तावरसुद्धा सेकंदाला अर्ध्या किमीपेक्षा कमीच आहे. या हिशेबात तो विसरला तरी चालेल. धावत्या लोकलच्या दारातून तुम्ही रुळांना काटकोनात चेंडू फेकला, तर बाहेरून बघणाऱ्याला तो काटकोनात जाताना दिसत नाही. गाडीच्या दिशेने पुढे जाता जाता तो जरासा बाजूला सरकतो. तुमच्या रॉकेटचं नेमकं हेच होतं.

आकडे घालून बघू. समजा, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तोडून झाल्यावरही यानाकडे सरळ उत्तरेकडे सेकंदाला १० किमी वेग शिल्लक आहे. हा वेग भरपूर आहे, बहुतेक ग्रहमोहिमा याहून कमी वेगाने निघतात. पण पृथ्वीकडून मिळालेला ३० किमीचा वेग त्यात आहेच. दोन्हींची बेरीज केली तर यानाची दिशा पृथ्वीच्या दिशेपासून फक्त साडेअठरा अंश वळते. म्हणजे साडेअठरा अंश कललेली कक्षा. आणि इथे दुसरी गोष्ट लक्षात घ्यायला हवी: सूर्याभोवतीच्या कोणत्याही कक्षेची पातळी सूर्याच्या केंद्रातूनच जाते. सूर्याच्या ‘वर’ जाऊन तिथे थांबता येत नाही. आपलं यान निघाल्यापासून काही महिन्यांत क्रांतिवृत्ताच्या पातळीपासून पाच कोटी किमीच्या आसपास उत्तरेला पोचेल, मग खाली यायला लागेल, सूर्याच्या पलीकडच्या बाजूला पातळी ओलांडेल आणि तितकंच दक्षिणेला उतरेल. पुन्हा वर, पुन्हा खाली. सूर्याच्या ध्रुवावरून त्याला काही जाता येणार नाही.

ध्रुवावरून जायचं तर पृथ्वीने दिलेला ३० किमीचा वेग पुसून टाकून तितकाच वेग काटकोनात द्यावा लागेल. त्याचं सूत्र सोपं आहे. वेग तोच ठेवून पातळी वळवायची, तर लागणारा वेगबदल म्हणजे वेगाची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाची ज्या (साइन). साठ अंश वळवायचे असतील तर पूर्ण ३० किमी, नव्वद अंशांना ४२ किमी. आमच्या बोलीत याला ‘डेल्टा-व्ही’ म्हणतात आणि मोहिमेचा सगळा हिशेब त्याच चलनात चालतो. पृथ्वीजवळच इंजिन पेटवलं तर थोडी सूट मिळते, तरीही पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून सुमारे ३६ किमी प्रतिसेकंद लागतातच. द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे साडेचार किमी वेगाने बाहेर पडतो. रॉकेटच्या समीकरणात हे आकडे घातले की यानाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २८०० किलो इंधन निघतं, तेही टाक्या आणि इंजिनं यांचं वजन शून्य धरून. पुढे ज्या युलिसिस यानाबद्दल सांगणार आहे ते ३७० किलोंचं होतं. त्याच्यासाठी हजार टनांहून जास्त इंधन आधी पृथ्वीच्या कक्षेत नेऊन ठेवावं लागलं असतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं वजन साधारण ४२० टन आहे, त्याच्याशी तुलना करून बघा.

पातळी वळवणं महाग असतं, हा धडा आमच्या रोजच्या कामातला आहे. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून सरळ पूर्वेला रॉकेट सोडलं, तरी मिळणारी कक्षा विषुववृत्ताशी १३.७ अंशांहून कमी कललेली असू शकत नाही, कारण कक्षेची पातळी पृथ्वीच्या केंद्रातून आणि उड्डाणस्थळावरून जायला हवी. पण टीव्हीचा किंवा दळणवळणाचा भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह बरोबर विषुववृत्तावर लागतो. मग हा कल काढायचा कुठे? समजा वीस अंश काढायचे आहेत. खालच्या कक्षेत, जिथे वेग सेकंदाला ७.७ किमी आहे, तिथे काढले तर जवळजवळ २.७ किमी प्रतिसेकंद खर्च. म्हणून आम्ही थांबतो. उपग्रह लांबट कक्षेतून ३६ हजार किमी उंचीवर अपभूबिंदूला, म्हणजे कक्षेच्या पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या टोकाला, पोचतो, तेव्हा त्याचा वेग उतरून जेमतेम १.६ किमी झालेला असतो. कक्षा गोल करायला तिथे इंजिन पेटवायचंच असतं. त्याच ज्वलनाची दिशा थोडी तिरकी ठेवली की वीस अंशांचा कल निघून जातो आणि त्यासाठी जास्तीचे लागतात फक्त दोनशेच्या आत-बाहेर मीटर प्रतिसेकंद. एकच काम, चुकीच्या जागी केलं तर तेरा-चौदा पट महाग. पातळी वळवायची तर दूर, जिथे यान मंदावलेलं असेल तिथे, आणि दुसऱ्या एखाद्या कामाच्या ओघात. हा नियम मनात ठेवा, पुढे गुरूपाशी तो परत लागणार आहे.

पृथ्वीच्या अक्षाच्या कलाचा थेट खर्चही आम्ही दर वर्षी भरतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या पातळीत फिरतो, पण सूर्य आणि चंद्र त्या पातळीत नाहीत. सूर्य क्रांतिवृत्ताच्या पातळीत आहे आणि चंद्र तिच्यापासून पाचेक अंशांवर. ते दोघं उपग्रहाच्या कक्षेला सतत आपल्या पातळीकडे ओढत राहतात. दुर्लक्ष केलं तर कक्षेचा कल वर्षाला एक अंशाच्या जरा आत वाढतो आणि जमिनीवरच्या अँटेनांना उपग्रह रोज आठच्या आकड्यासारखा वर-खाली हलताना दिसू लागतो. तो जागेवर ठेवायला वर्षाला सुमारे ५० मीटर प्रतिसेकंद लागतात. उपग्रहाच्या आयुष्यभराच्या इंधनातला मोठा वाटा यातच जातो. पृथ्वीचा अक्ष सरळ उभा असता तर हा खर्च बराच हलका झाला असता. तेव्हा अक्षाच्या कलाचा कक्षेशी संबंध आहे का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे: ग्रह ज्या पातळीत स्वतःभोवती फिरतो आणि ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतो, त्यांच्यातली फट उपग्रहाला इंधनाने भरून काढावी लागते.

आता सूर्याच्या ध्रुवाकडे. स्वतःच्या इंधनावर ९० अंश वळणं शक्य नसेल तर दुसऱ्याकडून वळवून घ्यायचं. आणि सूर्यमालेत सगळ्यांत जोरदार वळवणारा म्हणजे गुरू, पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा.

युलिसिस ही युरोपीय अवकाश संस्था आणि नासा यांची मोहीम. ती १९८६ साली निघायची होती, पण त्या जानेवारीत चॅलेंजर शटलचा अपघात झाला आणि सगळं लांबलं. अखेर ६ ऑक्टोबर १९९० रोजी डिस्कव्हरी शटलमधून यान वर गेलं आणि जोडलेल्या रॉकेट टप्प्यांनी त्याला पृथ्वीच्या तुलनेत सेकंदाला १५.४ किमी वेग दिला. जायचं होतं सूर्याच्या ध्रुवावर, आणि यान निघालं सूर्याकडे पाठ करून गुरूच्या दिशेने. हे ऐकून लोकांना नेहमी नवल वाटतं. पण मघाचा नियम लावून बघा. गुरूपाशी पोचेपर्यंत सूर्याच्या ओढीने यानाचा सूर्यसापेक्ष वेग खूप उतरलेला असतो. वळायला तीच जागा चांगली. आणि तिथे वळवायला गुरू आहे.

जवळून जाताना नेमकं काय घडतं ते नीट सांगतो, कारण ‘गुरुत्वाकर्षणाची गोफण’ वगैरे शब्दांनी ते झाकलं जातं. गुरूवर बसून बघितलं तर यान ज्या वेगाने जवळ येतं त्याच वेगाने दूर जातं. वेग वाढत नाही, कमीही होत नाही, फक्त दिशा वळते. पण गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला सुमारे १३ किमी वेगाने चाललेला आहे. सूर्यावरून बघणाऱ्याला यानाचा वेग म्हणजे या दोन्हींची बेरीज. युलिसिसचा गुरूसापेक्ष वेग सेकंदाला १३ ते १४ किमी होता, म्हणजे गुरूच्या स्वतःच्या वेगाएवढाच जवळजवळ. हा योगायोग नाही, मार्ग तसाच आखला होता. तो वेग अशा रीतीने वळवला की त्याचा मोठा भाग गुरूच्या चालीच्या बरोबर उलट दिशेला गेला आणि उरलेला सरळ दक्षिणेकडे. पुढे जाण्याची चाल एकमेकांत जवळजवळ फिटून गेली आणि हातात राहिला सेकंदाला आठेक किमीचा दक्षिणेकडचा वेग. यान ८ फेब्रुवारी १९९२ रोजी गुरूच्या उत्तर गोलार्धावरून, केंद्रापासून सुमारे साडेचार लाख किमी अंतरावरून गेलं आणि क्रांतिवृत्ताच्या पातळीतून बाहेर फेकलं गेलं. नवी कक्षा सूर्याच्या विषुववृत्ताशी ८० अंश कललेली. त्यासाठी यानाने स्वतः खर्च केलं ते फक्त गुरूकडे नेम धरण्याइतकं इंधन.

सप्टेंबर १९९४ मध्ये युलिसिस सूर्याच्या दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशावर होतं, जुलै १९९५ च्या अखेरीला उत्तर ध्रुवाच्या. मग २०००-०१ मध्ये पुन्हा आणि २००७-०८ मध्ये तिसऱ्यांदा. ३० जून २००९ रोजी मोहीम थांबली. पहिल्या फेरीच्या वेळी सूर्य शांत होता आणि यानाला दिसलं की ध्रुवांकडून येणारा सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांचा झोत, सेकंदाला साडेसातशे किमीच्या घरात, एकसारखा वाहतो. विषुववृत्ताच्या पट्ट्यातला त्यापेक्षा बराच संथ आणि अनियमित. दुसऱ्या फेरीत सूर्य सक्रिय होता आणि ही टापटीप विभागणी मोडलेली सापडली. पृथ्वीजवळ बसून हे कधीच कळलं नसतं, आणि मला व्यक्तिशः ही मोहीम मानवाच्या सगळ्या ग्रहमोहिमांत आखणीच्या दृष्टीने सर्वांत सुंदर वाटते.

पण तुमच्या ‘फोटो का नाही’ या प्रश्नाचं उत्तर युलिसिसमध्येच आहे: त्यावर कॅमेरा नव्हता. सुरुवातीच्या योजनेत दोन यानं होती, एक युरोपचं आणि एक अमेरिकेचं. अमेरिकेचं यान १९८१ मध्ये रद्द झालं. उरलेल्या यानावर कण, चुंबकीय क्षेत्र, लहरी मोजणारी उपकरणं होती. शिवाय गुरूमार्गे जाण्याची एक किंमत असते. कक्षेचं एक टोक गुरूपाशीच अडकून राहतं, त्यामुळे एक फेरी ६.२ वर्षांची. सूर्याशी जास्तीत जास्त जवळीक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.३ पट, पृथ्वीपेक्षाही लांब. आणि गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सत्ताविसाव्या भागाइतकाच, म्हणून सौरपट्ट्यांऐवजी प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं वीजसाधन न्यावं लागलं.

मधेच एकदा गोळाबेरीज करतो. ध्रुवावरून रॉकेट सोडल्याने पृथ्वीचा ३० किमीचा वेग जात नाही. तो वेग स्वतः वळवणं जवळजवळ अशक्य आहे. गुरू तो एका झटक्यात वळवून देतो, पण बदल्यात लांबट आणि मंद कक्षा घ्यावी लागते. म्हणून चित्रं काढायची असतील तर दुसरा कुणी वळवणारा शोधावा लागतो.

तो म्हणजे शुक्र. सोलर ऑर्बिटर हे युरोपीय अवकाश संस्थेचं, नासाच्या सहभागाचं यान १० फेब्रुवारी २०२० रोजी निघालं. ते सूर्यापासून सुमारे ४ कोटी २० लाख किमीपर्यंत जवळ जातं, बुधाच्याही आत. त्याची फेरी शुक्राच्या फेरीशी अशी जमवली आहे की ठरावीक काळाने दोघं पुन्हा त्याच ठिकाणी भेटतात. प्रत्येक भेटीत शुक्र कक्षेची पातळी थोडी वर उचलतो. गुरूच्या तुलनेत शुक्र अगदीच हलका, पृथ्वीच्या आठ-दशांश वस्तुमानाचा, म्हणून एका भेटीत थोडेच अंश मिळतात. १८ फेब्रुवारी २०२५ च्या भेटीने कक्षा सूर्याच्या विषुववृत्ताशी १७ अंशांवर गेली. मार्चमध्ये यानाने सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची चित्रं घेतली आणि जूनमध्ये ती सगळ्यांनी पाहिली. डिसेंबर २०२६ ची भेट २४ अंशांसाठी आखली आहे आणि २०२९ मध्ये ३३ अंश गाठायचे आहेत. १७ अंश म्हणजे ध्रुव तिरकसच दिसतो, पण दिसतो.

इथे भारताच्या आदित्य-एल१ यानाबद्दल हमखास विचारणा होते. सूर्याचं सतत निरीक्षण करणं हे त्याचं काम, आणि त्यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली अतिनील दुर्बीण आहे. पण ते पृथ्वीपासून १५ लाख किमीवर, पृथ्वी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेभोवती घिरट्या घालतं, त्यामुळे त्याची नजर क्रांतिवृत्ताच्या पातळीतूनच जाते. सूर्याचा स्वतःचा अक्षही ७.२५ अंश कललेला आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्याचा उत्तर ध्रुव आणि मार्चच्या सुरुवातीला दक्षिण ध्रुव आपल्याकडे किंचित झुकतो. पृथ्वीच्या परिसरातून मिळणारं दर्शन तेवढंच, कडेवरचं, दबलेलं.

स्वतःच्या इंधनावर कुणीच पातळी वळवत नाही असंही नाही. किती वळायचं आहे आणि किती घाई आहे यावर ते अवलंबून असतं. २००७ साली निघालेल्या डॉन यानाला लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या वेस्टा आणि सीरीस या दोघांभोवतीच्या कक्षेत जायचं होतं. वेस्टाची सूर्याभोवतीची कक्षा सुमारे ७ अंश कललेली, सीरीसची १०.६. डॉनकडे आयन इंजिन होतं. त्याचा रेटा अगदी क्षीण, पण झेनॉन वायूचा वापर अतिशय काटकसरीचा. वर्षानुवर्षं ते इंजिन चालत राहिलं आणि एकूण सुमारे ११ किमी प्रतिसेकंद वेगबदल त्याने केला. वाटेत मंगळाची मदत एकदा घेतली, बाकीचं स्वतः. दहा अंशांपर्यंत हा मार्ग परवडतो.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, अक्ष कललेल्या ग्रहाभोवती यान कसं फिरवायचं. इथे बहुतेकांना वाटतं की ग्रहाच्या ध्रुवांवरून फिरणारी कक्षा मिळवणं फार कठीण असणार. उलट आहे. दुरून येत असताना कक्षेचा कल निवडणं जवळजवळ फुकट असतं. ग्रहावर पोचायच्या शंभर दिवस आधी यानाचा वेग सेकंदाला फक्त एक मीटरने आडवा बदलला, तर पोचेपर्यंत ते ८६४० किमी बाजूला सरकतं. मंगळाची त्रिज्या आहे ३३९० किमी. म्हणजे मंगळाच्या विषुववृत्तावरून जायचं की ध्रुवावरून, हे चालत्या माणसाइतक्या वेगबदलाने ठरतं. गुरूवर ज्युनो यान २०१६ मध्ये थेट ध्रुवीय कक्षेत गेलं ते असंच. चांद्रयान-१ ही २००८ मध्ये चंद्राच्या ध्रुवीय कक्षेतच फिरलं, आणि त्यामुळे खाली चंद्र वळत जाईल तसा सगळा पृष्ठभाग त्याच्या नजरेखालून गेला. एकदा ग्रहाने पकडून ठेवलं की मात्र तीच पातळी वळवणं पुन्हा महाग.

पण या फुकटच्या निवडीला एक अट आहे, आणि ती श्रीहरिकोट्याच्या अटीसारखीच आहे. यान ज्या दिशेने ग्रहाकडे येतं, ती दिशा ग्रहाच्या विषुववृत्ताशी जेवढा कोन करते, त्याहून कमी कलाची कक्षा मिळत नाही. जास्त कलाची हवी तेवढी मिळते. मंगळ, गुरू, शनी यांच्या बाबतीत हे क्वचितच आडवं येतं. युरेनसपाशी येतं.

युरेनस ९७.८ अंश कललेला आहे आणि त्याचं वर्ष ८४ पृथ्वीवर्षांचं. त्यामुळे काही वर्षं त्याचा एक ध्रुव जवळजवळ सूर्याकडेच रोखलेला असतो. २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर-२ यान तिथे पोचलं तेव्हा दक्षिण ध्रुव समोर होता. युरेनसचे चंद्र त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात, म्हणजे त्यांच्या कक्षांची सगळी चकती यानाच्या मार्गाला आडवी उभी होती. शनीपाशी यान चंद्रांच्या पातळीतून जातं आणि एकामागून एक चंद्र भेटतात. इथे यान चकतीच्या मधल्या भागातून आरपार निघून गेलं. एका दिवसाच्या आतच महत्त्वाची सगळी निरीक्षणं उरकावी लागली, खरोखर जवळून पाहता आला तो एकटा मिरांडा. प्रत्येक चंद्राचा उजेडात असलेला दक्षिण गोलार्धच दिसला, उत्तरेचा अर्धा भाग अंधारातच राहिला आणि तो आजवर कुणी जवळून पाहिलेला नाही.

अशा वेळी युरेनसभोवती राहणारं यान तिथे पाठवलं तर त्याला ध्रुवीय कक्षाच घ्यावी लागेल. चंद्रांच्या पातळीत उतरणं इंधनाने परवडणार नाही. शनीपाशी कॅसिनी यानाने ही अडचण शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन याच्या मदतीने सोडवली. १२७ वेळा टायटनजवळून जाताना कक्षेची पातळी हवी तशी वर नेली, खाली आणली, आणि म्हणूनच कड्यांची वरून घेतलेली चित्रं आपल्याकडे आहेत. पण टायटन ५१५० किमी व्यासाचा आहे. युरेनसचा सगळ्यांत मोठा चंद्र टायटेनिया जेमतेम १५८० किमीचा. त्याच्यात तेवढी ओढ नाही.

म्हणून युरेनसकडे निघताना त्याचा ऋतू बघावा लागतो. २०३० च्या सुमारास त्याचा उत्तर ध्रुव सूर्याकडे रोखलेला असेल. २०५० च्या सुमारास तिथे विषुवदिन येईल, म्हणजे सूर्य त्याच्या विषुववृत्तावर असेल आणि आतून जाणारं यान चंद्रांच्या पातळीच्या जवळून पोचू शकेल. २०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्रहवैज्ञानिकांनी पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी युरेनसची निवड सुचवली. २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला निघून, गुरूचा हात धरून, बारा-तेरा वर्षांनी पोचायचं, असा तो आराखडा आहे. तेव्हा सूर्य युरेनसच्या विषुववृत्तापासून वीस-पंचवीस अंशांवर असेल, चंद्रांचे १९८६ मध्ये न दिसलेले उत्तर गोलार्ध उजेडात असतील. गुरू मात्र त्याच्या बारा वर्षांच्या फेरीत युरेनसच्या वाटेवर थोडाच काळ असतो. ती वेळ चुकली तर प्रवास लांबतो, आणि प्रवास लांबला की तिथला ऋतूही पुढे सरकतो.